धुरा

वाढोण्याच्या शाळेत नऊ संगणक.
आठांवर कोंबडीनं अंडी घातली असती तरी चाललं असतं.
नवव्यावर मी लिनक्स टाकलं
आणि तो बोलू लागला, पण नुसत्या अक्षरांत,
काळ्यावर पांढऱ्या.
तानबाजी शिपाई दारातून म्हणाले,
"हे तं पाटीच झाली न मॅडम.
पाटी तं होतीच आपल्यापाशी."

चित्र हवं होतं.
ग्राफिक्सचं कार्ड इतकं जुनं
की त्याचा ड्रायव्हर लिहायला कुणी उरलं नव्हतं.
राहिली आडवाट, फ्रेमबफर:
मेमरीतलं एक सपाट वावर,
पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला एक घर,
घरात जो आकडा टाकाल तो रंग वर उगवतो.
मधे ना दलाल, ना खिडकी.

बूटच्या फाईलीत एक ओळ वाढवली,
रीस्टार्ट केलं.
पडदा काळा.
पंखा फिरतोय, हिरवा दिवा जळतोय,
पडदा काळाच.
नयना पुसनाके, आठवी ब, हळूच म्हणाली,
"मॅडम, मेला का?"
मी नाही म्हटलं आणि तळहात ओढणीला पुसले.

दोन तासांनी कळलं, मॉनिटरला झेपणार नाही
एवढी रुंदी मी मागितली होती.
तेराशे सहासष्ट बाय सातशे अडुसष्ट.
परत सुरू केलं, तर वरच्या कोपऱ्यात
बोटभर पेंग्विन येऊन बसला.
"हा कोन्ता पक्षी? पाणकोंबडी?"
हो, मी म्हटलं. पाणकोंबडीच.

लिहायला गेले, तर परवानगी नाही.
व्हिडिओ नावाचा एक गट असतो,
त्यात नाव लागतं.
गावच्या बचतगटानं मला घेतलं नव्हतं,
कंत्राटी बाई, आज आहे उद्या नाही.
इथं रूट होऊन मीच मला घेतलं.
ना ठराव, ना शिक्का,
फक्त एकदा बाहेर जाऊन परत आत यावं लागलं.

आधी नुसते अस्ताव्यस्त आकडे ओतले.
मूग, उडीद, तीळ, कुंकू
एकाच सुपातून सांडल्यासारखा पडदा भरला,
आणि यंत्र म्हणालं: जागा उरली नाही.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग लाल पट्टा काढला.
निळा आला.
पुन्हा काढला, पुन्हा निळा.
तानबाजी आता आत येऊन बाकावर बसले होते.
"रंग किती सोडता एका घरात?"
तीन. लाल, हिरवा, निळा.
"मंग तिफनीचे नळे उलटे बांधले असन."
उलटेच होते.

नयनानं आलेखाच्या वहीत शेळी काढून आणली,
एक शिंग मोडलेली, घरचीच.
चौकोनागणिक आकडे करायला तीन दिवस गेले.
पडद्यावर शेळी आली ती तिरपी,
प्रत्येक ओळ दहा घरं डावीकडे सरकलेली,
जशी कुणी तिला शेपटीकडून ओढतंय.
कुणी हसलं नाही. नयनाचा चेहरा बघून.

मी ओळीची लांबी विचारली यंत्राला.
तेराशे शहात्तर, ते म्हणालं.
दिसतात तेराशे सहासष्ट.
दहा घरं प्रत्येक ओळीच्या टोकाला
असतात, आणि दिसत नाहीत.
"धुरा हाय थो," तानबाजी म्हणाले.
"धुरा सोडला नाई तुमी. पेरतच गेल्या."

दहा सोडले.
शेळी चारी पायांवर उभी राहिली
आणि एवढ्या जवळून आमच्याकडे बघू लागली
की नयनानं हात पुढे केला.

पोरं घरी गेल्यावर मी हिशोब केला:
दहा गुणिले सातशे अडुसष्ट,
सात हजार सहाशे ऐंशी घरं, रिकामी.
त्यात नावं लिहिली.
हजेरीपटावरची सगळी, गळालेली दोन धरून,
मग तानबाजी,
मग शेवटच्या ओळीच्या टोकाला माझं.
शेळीच्या केसालाही धक्का लागला नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी लाईन गेली.
शेळी गेली हे खिडकीशी उभ्या तानबाजींना दिसलं,
"गेली," ते म्हणाले.
बाकीचं मी बोलले नाही.
त्यांनी कुलूप शोधलं, मी वायर काढली.